अर्ध्या घराची लाइट गेली तर

मी कराडमध्ये वायरमनचं काम करतो. पावसाळा लागला की हा फोन ठरलेला: "दादा, हॉलमध्ये लाइट आहे, किचनमध्ये नाही." पूर्ण लाइट गेली तर माणूस वाट बघत बसतो. अर्धी गेली की बटणं खालीवर करत सुटतो, आणि वस्तू जळतात त्या तेव्हाच. म्हणून वायरमन येईपर्यंत काय बघायचं आणि कशाला हात लावायचा नाही, ते सांगतो.

इन्व्हर्टर असेल तर आधी तिकडे जा. बऱ्याच घरांत दिवे-पंखे इन्व्हर्टरवर असतात आणि फ्रिज, गिझर, मिक्सर थेट लाइनवर. दिवे चालू, फ्रिज बंद असं दिसलं तर बहुतेक वेळा लाइट पूर्णच गेलेली असते.

तसं नसेल तर पंख्याकडे बघा. बल्बवर जाऊ नका. जुना पिवळा बल्ब व्होल्टेज पडलं की मिणमिणायचा, लगेच कळायचं. आताचे बरेच एलईडी बल्ब निम्म्या व्होल्टेजवरही लख्ख पेटतात. पंखा पाचवर असून पाती मोजता येतील इतका हळू फिरतोय, फ्रिज नुसता घूं घूं करतोय, म्हणजे व्होल्टेज पडलंय. फ्रिजचा प्लग ताबडतोब काढा. कॉम्प्रेसर सुरू व्हायला धडपडतो, होत नाही, आणि त्या धडपडीत वाइंडिंग, म्हणजे आतली गुंडाळलेली तार, तापतं.

असं होण्याचं कारण बऱ्याचदा डीपीवर, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर असतं. तिथे 11 केव्हीच्या, म्हणजे 11 हजार व्होल्टच्या तीन तारांवर तीन डीओ असतात, म्हणजे उडाले की खाली लोंबकळणारे फ्यूज. डीपीवरून खाली घरांकडे करंट आणणाऱ्या तीन तारा निघतात, त्यातली प्रत्येक म्हणजे एक फेज. एक डीओ उडाला की खालच्या एका फेजला नेहमीचे 230 व्होल्ट मिळतात आणि उरलेल्या दोन फेजांवर साधारण निम्मं येतं. उडालेला डीओ लोंबकळताना लांबूनही दिसतो. तो बांबूने वर चढवायला जाणारे लोक मी पाहिलेत. कृपा करून कोणीही जाऊ नका, आणि घरातल्या पोरांनाही जाऊ देऊ नका. ओल्या बांबूतून 11 केव्ही माणसाला एकदाच पकडतं.

डीओ शाबूत असून खालच्या बाजूचा एक फ्यूज गेला तर तेवढाच फेज मरतो. थ्री फेज मीटर असलेल्या घरात त्या फेजवरच्या खोल्या बंद, बाकी घर ठीक. बऱ्याच मीटरवर आर, वाय, बी अशा तीन खुणा असतात, त्यातली एक गायब दिसते. सिंगल फेज, म्हणजे घरात एकच फेज येत असेल तर शेजारी विचारा. त्यांच्याकडे लाइट व्यवस्थित असेल तर आपल्या बोर्डावरचा एखादा एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा खटका, पडलाय का बघा. पडला असेल तर त्या खोल्यांतले सगळे प्लग काढा, खटका आधी पूर्ण खाली दाबा, मग वर करा. टिकला तर एकेक वस्तू लावत जा. जिच्यावर पडेल ती बाजूला ठेवा. काहीही लावलेलं नसताना पडत असेल तर वायरिंगमध्येच दोष आहे, पुन्हा पुन्हा वर करू नका.

आता सगळ्यात घातक प्रकार: न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, सुटणं. थ्री फेज घरात न्यूट्रल तुटला की व्होल्टेज तीन फेजांत सारखं वाटलं जात नाही. दोन फेजांमध्ये साधारण 400 व्होल्ट असतात. जिकडे लोड जास्त तिकडे व्होल्टेज पडतं, जिकडे कमी तिकडे चढतं. एका खोलीत पंखा मंदावतो आणि दुसरीकडे टीव्ही, चार्जर, सेटटॉप बॉक्स एकामागोमाग एक उडतात. बाथरूममध्ये गिझर लावला आणि बेडरूमचा पंखा अचानक जोरात फिरू लागला, तर विचार करत बसू नका, मेन स्विच बंद करा. इमारतीच्या पॅनेलवरचा न्यूट्रल गेला तर सिंगल फेज फ्लॅटमध्येही हेच होतं.

परवा एका बंगल्यात बोर्ड उघडला तर न्यूट्रल लिंकचा, म्हणजे न्यूट्रलच्या तारा जोडायच्या पट्टीचा, एक स्क्रू ढिला. तार हाताने हलत होती, इन्सुलेशन तपकिरी पडून कडक झालेलं, जळक्या प्लास्टिकचा वास. तेवढ्या एका स्क्रूमुळे मागच्या दोन खोल्या बंद होत्या. तिथल्या सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटत होता. उजवीकडे पेटणं बरोबर. डावीकडेही पेटला म्हणजे न्यूट्रल तुटलाय आणि चालू ठेवलेल्या वस्तूतून फेज फिरून परत येतोय. दिवा लागत नाही म्हणून तारेत करंट नाही, असं समजू नका. तिथे झटका बसतो.

काही घरांत फेज बदलायचा फिरता स्विच असतो. फेज गेला असेल तर तो खरंच उपयोगी. मात्र गिझर, इस्त्री, एसी बंद करून मगच फिरवा, कारण सगळी गल्ली उरलेल्यांपैकी एकाच फेजवर आली की तोही जातो. न्यूट्रल गेला असेल तर या स्विचचा काही फायदा नाही. जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये (तार बांधायचा चिनी मातीचा फ्यूज) जाड तार घालून वेळ मारून नेऊ नका, आणि मीटरचं सील कंपनीचं आहे, त्याला हात नको.

तक्रार 1912 वर करता येते. महावितरणचं बिल असेल तर 12 अंकी ग्राहक क्रमांक हाताशी ठेवा. नुसतं "लाइट गेली" म्हणू नका. "एक फेज नाही", "व्होल्टेज निम्मं आहे", "शेजारच्या तीन घरांतही तसंच आहे" असं सांगा. लाइनमनला कळतं की आधी डीपीवर जायचं की तुमच्या खांबावर.

सोसायटीत थ्री फेज पाण्याची मोटर असेल तर फेज गेल्यावर ती कोणी चालू करणार नाही याची जबाबदारी एकाने घ्या, स्टार्टरवर चिठ्ठी लावा. दोन फेजवर मोटर गुरगुरत राहते आणि थोड्याच वेळात वाइंडिंग जळतं. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवून घेतला तर ती आपोआप बंद होते. रिवाइंडिंगच्या मानाने तो खर्च फारच कमी. लाइट परत आली की पंख्याचा वेग नीट झालाय हे पाहा, पाचेक मिनिटं जाऊ द्या, मग फ्रिज लावा.