उद्या हळद, आज फेशियल? या चुका टाळा

लग्नसराईत पार्लरमध्ये हमखास ऐकू येतं, "ताई, उद्या हळद आहे, आज मस्तपैकी गोल्ड फेशियल करून टाका." पहिल्यांदाच करत असाल तर हे टाळाच. स्क्रब, वाफ आणि ब्लॅकहेड्स काढणं, या सगळ्याने चेहरा लाल होतो. ही लाली बहुतेक वेळा दुसऱ्या दिवसापर्यंत ओसरते. पण पुरळ उठायचंच असेल तर ते दोन-तीन दिवसांनीही उठतं, म्हणजे नेमकं अक्षता पडताना. पहिलं फेशियल महिनाभर आधी करून बघा, शेवटचं किमान आठवडाभर आधी उरका. आणि सोन्यासाठी जादा पैसे मोजू नका. चमक येते ती मसाजने वाढलेल्या रक्तप्रवाहामुळे आणि क्रीमने धरून ठेवलेल्या ओलाव्यामुळे. ती थोड्या दिवसांत उतरणारच.

सगळ्यात महागात पडते ती गप्प बसण्याची चूक. मुरमांसाठी किंवा डागांसाठी रात्री रेटिनॉल, अ‍ॅडापॅलिन, ट्रेटिनॉइन असलं काही लावत असाल, तर खुर्चीत बसायच्या आधी सांगा. या क्रीममुळे वरची त्वचा नाजूक झालेली असते. अशा अपरलिपवर वॅक्स लावलं की पट्टीबरोबर सालपटही निघतं, आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगावर त्याचा काळपट डाग महिनोन्‌महिने राहतो. क्रीम वॅक्सच्या आठवडाभर आधी बंद करा. मुरमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वॅक्स-स्क्रबच्या वाटेला जाऊ नका.

थ्रेडिंग, ब्लीच, फेशियल असं 'पॅकेज' एकाच बैठकीत उरकणंही नको. नुकतेच केस उपटलेल्या जागी ब्लीचमधला अमोनिया झोंबतो. "थोडं चरचरणारच," असं ऐकवलं जातं. किंचित चुणचुण ठीक, पण आग व्हायला लागली की भिडेखातर सोसू नका; लगेच गार पाण्याने पुसायला सांगा. आदल्या दिवशी कानामागे थोडंसं ब्लीच लावून पाहिलं असतं तर ही वेळ बहुधा आली नसती. नवरदेवांनो, ब्लीच-फेशियलच्या दिवशी दाढी करू नका.

ब्लॅकहेड्स काढायची सुई तुमच्यासमोर स्पिरिटने पुसली जाते का, ते बघा. लालबुंद, पू झालेली पुळी कुणालाही दाबू देऊ नका.

घरी आल्यावर दोन दिवस स्क्रब नाही, उन्हात सनस्क्रीनशिवाय जाणं नाही. स्कूटरवर बांधायचा स्कार्फ धुतलेला हवा. हे मात्र कुणीच सांगत नाही.

बारीक पुटकुळ्या आल्याच तर साधं मॉइश्चरायझर लावा आणि हात लावू नका. मेडिकलवाल्याकडून 'गोरं करणारी' स्टेरॉइडची ट्यूब आणू नका: दोन दिवस बरं वाटतं, मग सोडली की चेहरा पेटतो. पापण्या सुजल्या, पुटकुळ्यांतून पाणी सुटायला लागलं तर त्याच दिवशी त्वचारोगतज्ज्ञ गाठा. जाताना पार्लरमधून वापरलेल्या पाकिटांचे फोटो मागून घ्या, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.