पावसाळी, सौम्य हवेतली बाग: वर्षभराचं काम

सौम्य थंडी आणि वर्षभर पाऊस असेल, तर झाडं पाण्याअभावी क्वचितच मरतात. ती मरतात मुळांना हवा न मिळाल्यामुळे. म्हणून खताआधी निचरा तपासा. 30 सेंटिमीटर खोल आणि तेवढाच रुंद खड्डा खणा, पाण्याने भरून जिरू द्या, मग पुन्हा भरा. दुसऱ्या खेपेला पाणी तासाला 2.5 सेंटिमीटरपेक्षा कमी उतरलं, तर 20 ते 30 सेंटिमीटर उंच गादीवाफे करा. रुंदी 1.2 मीटरच्या आत असली की वाफ्यात पाय न देता मधोमध हात पोचतो. चिकण मातीत थोडी वाळू मिसळून भागत नाही, उलट ती आणखी घट्ट बसते. दरवर्षी कंपोस्टचा 5 सेंटिमीटर थर द्या.

वसंतात घाई नडते. ऊन पडलं तरी माती गारच असते आणि बी कुजतं. मूठभर माती दाबून गोळा करा आणि बोटाने टोचा. फुटला तर वाफसा आला, म्हणजे माती खणण्याजोगी झाली. नुसता दबला, तर कुदळ ठेवून द्या. वाटाण्याला 10 अंश सेल्सिअसची माती चालते, फरसबीला निदान 12 अंश लागतात.

कोवळी रोपं गोगलगाई रात्रीत फस्त करतात. ओल्या मातीवर फळी टाका आणि सकाळी उलटून खालच्या गोगलगाई वेचा. मण्यांसारखे पांढुरके पुंजके दिसले तर ती त्यांची अंडी, तीही काढा.

उन्हाळ्यात खरा शत्रू करपा हा रोग. पानं तासन्‌तास ओली राहिली की तो पसरतो, म्हणून टोमॅटोवर पारदर्शक छत घाला, बाजू उघड्या ठेवा. बटाट्यावर तो झपाट्याने पसरू लागला, तर पाला जमिनीलगत कापून बागेबाहेर टाका, पण बटाटे दोन-तीन आठवडे काढू नका. लगेच काढले तर मातीवरचे बीजाणू त्यांना लागतात आणि साठवणीत ते सडतात.

शरदात लसणाच्या पाकळ्या टोक वर करून 15 सेंटिमीटर अंतरावर लावा. पावसाने कॅल्शियम वाहून जातं, माती आम्ल होते. सामू (pH, म्हणजे माती किती आम्ल आहे ते) तपासूनच चुना घाला. चुना आणि ताजं शेणखत एकदम घालू नका, नत्र अमोनिया होऊन उडून जातं. रिकामा वाफा पालापाचोळ्याने झाका.

सफरचंदाची छाटणी हिवाळ्यात, कोरड्या दिवशी. प्लम आणि चेरीला मात्र तेव्हा हात लावू नका: ओल्या थंडीत कापलेल्या जागेतून बुरशी शिरते. त्यांची छाटणी उन्हाळ्यातच.