नव्या मायक्रोब्रूअरीच्या उद्घाटनाला जाताय? ठाणे-नवी मुंबईकरांसाठी मार्गदर्शक

ताजी बिअर प्यायची तर अंधेरी किंवा लोअर परळ, नाहीतर थेट पुणं गाठायचं, अशी ठाणे आणि नवी मुंबईतल्या लोकांची बरीच वर्षं सवय होती. महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रूअरी (बिअर जिथे बनते तिथेच ग्लासात देणारी छोटी जागा), डूलाली, २००९ साली पुण्यात सुरू झाली. तिथून हे वेड मुंबईत पसरलं आणि आता आपल्याकडेही नवीन जागा उघडली की मित्रांच्या ग्रुपवर आमंत्रण फिरायला लागतं.

उद्घाटनाच्या रात्री गर्दी असते, डीजे असतो, फोटो निघतात. दुसऱ्या दिवशी बिअर कशी होती असं विचारलं तर उत्तर येतं, ‘मस्त होती.’ मला याची खरंच हळहळ वाटते. नवीन ब्रूअरीचे पहिले काही आठवडे फार मोलाचे असतात. टाक्या नव्या, पाणी नवं, ब्रूअर (बिअर बनवणारा) अजून हात बसवतोय, आणि पिणाऱ्याचं नेमकं मत त्याला तेव्हाच सगळ्यात जास्त हवं असतं. म्हणून तिथे चव घ्यायला आणि बोलायला जा. ते कसं करायचं, ते पुढे सांगतो.

१. आधी फोन करा, आणि हेच विचारा

इन्स्टाग्रामवर तारीख कळते, पण खरी माहिती फोनवरच मिळते. पहिला प्रश्न: तुमची स्वतःची बिअर टॅपवर आहे का, आणि कोणकोणती? हा प्रश्न आगाऊपणाचा अजिबात नाही. रेस्टॉरंट चालवण्याचा परवाना वेगळा आणि बिअर बनवण्याचा वेगळा. इंटिरियर पूर्ण होतं, किचन सुरू होतं, पण ब्रूइंगची मंजुरी किंवा पहिली बॅच मागे राहते. अशा वेळी उद्घाटनाला दुसरीकडून आणलेले केग, म्हणजे बिअरचे पिंप, लावले जातात. त्यात गैर काही नाही, पण तुम्ही त्या जागेची बिअर चाखायला निघाला असाल तर आधी कळलेलं बरं.

दुसरा प्रश्न: टेस्टर मिळतात का? म्हणजे एकाच ट्रेमध्ये चार-पाच छोटे ग्लास, प्रत्येकात वेगळी बिअर. काही ठिकाणी उद्घाटनाच्या गर्दीत टेस्टर बंद ठेवतात आणि फक्त पाइंट, म्हणजे पूर्ण मोठा ग्लास, देतात. तसं असेल तर दिवस बदला. तिसरा प्रश्न एन्ट्रीचा: कव्हर चार्ज आहे का, आणि तो बिलात वळता होतो का?

‘सॉफ्ट लाँच’ हा शब्द कानावर पडला तर तोच दिवस पकडा. मोठ्या उद्घाटनाच्या आधी काही दिवस जागा गाजावाजा न करता सुरू करतात. स्टाफ शिकत असतो, मेन्यू अर्धाच असतो, पण ब्रूअर मोकळा सापडतो. मला विचाराल तर शनिवारच्या ग्रँड ओपनिंगपेक्षा मंगळवार-बुधवारची संध्याकाळ कधीही उजवी.

२. वय, परवाना, ड्राय डे

महाराष्ट्रात बिअरसाठी किमान वय २१ आणि हार्ड लिकरसाठी २५. सरकारी ओळखपत्र जवळ ठेवा. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार दारू पिण्यासाठी परवाना लागतो. एक दिवसाचा परवाना बऱ्याच बारमध्येच मिळतो, वर्षाचा किंवा आजीवन परवाना राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून काढता येतो. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर ड्राय डे असतात, आणि निवडणुकीत मतदान संपण्याआधीचे ४८ तासही. ग्रुपचा बेत ठरवताना कॅलेंडर बघा.

३. परतीचा रस्ता जाण्याआधी ठरवा

गाडी घरी ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. दंडापेक्षाही रस्त्यावरच्या लोकांचा विचार करा. रात्रीच्या घोडबंदर रोडवर अवजड ट्रेलर असतात, आणि पाम बीच रोडवर गाड्या कशा सुटतात हे आपण रोज बघतो.

ठाण्याहून वाशी, नेरूळ, पनवेलकडे जाणाऱ्यांना ट्रान्स-हार्बर सोयीची आहे, पण शेवटची गाडी कितीला हे एम-इंडिकेटरवर बघून तेवढ्या वेळेला उठायचं हे टेबलावर बसतानाच ठरवा. जागा सीवूड्स स्टेशनवरच्या मॉलसारखी रुळांना लागून असेल तर प्रश्नच नाही. कोलशेत किंवा पातलीपाडा भागात असेल तर रात्री रिक्षा-कॅबला वेळ लागतो, अर्धा तास हाताशी ठेवा. ग्रुपमध्ये कुणी पीत नसेल तर ‘तू आम्हाला सोड’ असं त्याला गृहीत धरू नका, आधी विचारा.

४. लवकर पोहोचा आणि आधी टाक्या बघा

दार उघडल्यावर पहिल्या तासात जा. जेवून जा किंवा जाताच काहीतरी खा, उपाशी पोटी अजिबात सुरू करू नका.

बसण्याआधी टाक्यांकडे जा. बहुतेक ठिकाणी त्या काचेमागे असतात. लोकांना ती स्टीलची सजावट वाटते, पण तिथे वाचण्यासारखं बरंच असतं. टाकीच्या वरून निघालेली एक नळी खाली येऊन बादलीतल्या पाण्यात बुडलेली दिसेल. त्या पाण्यात बुडबुडे येत असतील तर आत यीस्ट कामाला लागलंय, साखरेचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होतंय, आणि तो वायू त्या नळीतून बाहेर पडतोय. ही ब्रूअरी चालू आहे याचा याहून चांगला पुरावा नाही. टाकीवर चिकटवलेली चिठ्ठी दिसली तर तीही वाचा, बिअरचं नाव आणि बॅचची तारीख बऱ्याचदा तिथेच लिहिलेली असते.

ती तारीख उपयोगाची आहे. जवाचं माल्ट (मोड आणून वाळवलेले दाणे) दळून साधारण ६५ अंशांच्या गरम पाण्यात तासभर भिजवतात, गोड पाणी गाळून हॉप्स (कडवटपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं) टाकून उकळतात, थंड करून यीस्ट घालतात. इथपर्यंत एक दिवसाचं काम. पुढचं सगळं यीस्टच्या हातात. एल जातीची बिअर, म्हणजे गव्हाची किंवा आयपीए (हॉप्स जास्त असलेली कडू बिअर), साधारण २० अंशांच्या आसपास आंबते आणि दोन-तीन आठवड्यांत ग्लासात येऊ शकते. लागर १० अंशांच्या आसपास सावकाश आंबते आणि नंतर थंडीत मुरत ठेवावी लागते, महिना-दीड महिना सहज जातो. टाक्या बसून महिनाही झालेला नाही आणि मेन्यूवर लागर आहे, तर ती कुठली, हे विचारायला हरकत नाही.

५. चव घ्या, घाई न करता

टेस्टर मागवले की ग्लास या क्रमाने लावा: आधी हलकी आणि गव्हाची, मग माल्टची, मग कडू, शेवटी काळी, म्हणजे स्टाउट. उलट्या क्रमाने प्यायलात तर स्टाउटनंतर गव्हाची बिअर पाण्यासारखी लागेल आणि दोष तिच्या माथी जाईल. मध्ये साध्या पाण्याचे घोट घ्या. बिअर अगदी बर्फगार आली असेल तर ग्लास दोन मिनिटं तळहातात धरा, कारण फार थंड असताना जिभेला चव कळत नाही.

गव्हाच्या बिअरपासून सुरुवात करा, कारण ब्रूअरचा हात तिथे लगेच दिसतो. जर्मन पद्धतीची हेफेवायझन असेल तर ती गढूळ दिसणारच, तशीच असते. फेस पांढरा आणि दाट हवा. ग्लास नाकाशी नेऊन शांतपणे वास घ्या: पिकलेलं केळं आणि त्यामागे लवंग. बिअरमध्ये केळंही नाही आणि लवंगही नाही, दोन्ही वास त्या यीस्टने तयार केलेले आहेत. आंबवताना तापमान वाढलं की केळं पुढे येतं, कमी ठेवलं की लवंग. एकाच वासावरून टाकी किती गरम होती याचा अंदाज बांधता येतो, हे मला आजही विलक्षण वाटतं. बेल्जियन पद्धतीची विटबिअर असेल तर तिच्यात मात्र खरोखरच धणे आणि संत्र्याची साल असते. धण्याचा वास आपल्या नाकाला इतका ओळखीचा की मराठी घरातल्या माणसाने तो चुकवणं अवघड.

आयपीएत हॉप्सचा कडवटपणा आणि त्यांचा वास, कधी लिंबाच्या सालीचा, कधी आंब्याचा. हा वास लवकर उडतो, म्हणून आयपीए जितकी ताजी तितकी चांगली. स्टाउटचा काळा रंग भाजलेल्या जवाचा, चव कॉफी आणि डार्क चॉकलेटकडे झुकणारी.

आता दोषांकडे. उद्घाटनाची तारीख छापून झालेली असते, पाहुणे ठरलेले असतात आणि बिअर दोन-चार दिवस अजून हवी असते. अशा वेळी ती लवकर बाहेर काढली जाते. याच्या खुणा ठरलेल्या आहेत. लोण्याचा किंवा बटर पॉपकॉर्नचा वास आला तर ते डायअसिटाइल. आंबवताना ते तयार होतंच, आणि शेवटी काही दिवस निवांत सोडलं तर यीस्टच ते परत पचवतं. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजेही बऱ्याचदा बिअर अजून कोवळी आहे. हे दोन्ही वास सापडले तर नाराज होऊ नका, पुढच्या बॅचला वेळ मिळाला की ते जाऊ शकतात. उकडलेल्या मक्याचा किंवा कोबीचा वास असेल तर उकळणं पुरेसं जोरात झालं नसावं. व्हिनेगरसारखी आंबट चव (आंबट बिअर मागवली नसताना) मात्र स्वच्छतेकडे बोट दाखवते, टाकीच्या किंवा टॅपच्या नळीच्या. तो ग्लास परत द्या.

६. चखणा नंतर

टेस्टर संपेपर्यंत मसाला शेंगदाणे आणि शेजवान सॉस बाजूला ठेवा. साधा पाव किंवा खारे शेंगदाणे चालतील. मग पाइंट मागवला की खुशाल खा. गव्हाच्या बिअरबरोबर कोळंबी किंवा सुरमई फ्राय फार छान जाते, स्टाउटबरोबर भाजलेलं मटण. कडू आयपीएबरोबर झणझणीत काही घेऊ नका, कडवटपणा आणि तिखट एकमेकांना चढवतात. मामलेदारच्या मिसळीइतका तिखट रस्सा आणि आयपीए एकत्र आले तर जिभेला दुसरं काही कळणार नाही.

७. ब्रूअरशी बोला

गर्दी वाढण्याआधी स्टाफला सांगा, ‘ब्रूअर मोकळे असतील तर दोन मिनिटं भेटायचंय.’ बहुतेक ब्रूअर आनंदाने येतात. ‘बेस्ट कुठली?’ असं विचारू नका, त्याला उत्तर नसतं. ‘या बॅचमध्ये तुम्हाला काय बदलायचंय?’ असं विचारा आणि बघा माणूस कसा खुलतो.

पाण्याबद्दल नक्की विचारा. बिअरमध्ये ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं आणि त्यातल्या क्षारांनी चव बदलते. नवी मुंबईला महापालिकेच्या मोरबे धरणाचं पाणी येतं, ठाण्याचे स्रोत वेगळे. एका गावात जमलेली रेसिपी दुसरीकडे तशीच उतरत नाही, म्हणून अनेक ब्रूअर पाणी आधी शुद्ध करून मग लागतील ते क्षार मोजून घालतात. पुढच्या टाकीत काय आहे तेही विचारा. कोकम, जांभूळ, हापूस असलं काही येणार असेल तर हंगाम कळतो आणि परत जायचं निमित्तही मिळतं.

मत देताना नेमकं द्या. ‘आवडली नाही’ यातून त्याच्या हाती काही लागत नाही. ‘गव्हाच्या बिअरला लोण्याचा वास येतोय, लवंग जाणवली नाही’ यातून लागतं. आणि आवडलेलं तितक्याच मनापासून सांगा. महिनोन्‌महिने परवान्यांच्या मागे धावून ही माणसं पहिला ग्लास तुमच्यासमोर ठेवत असतात.

८. किती प्यायची

पाच टक्के अल्कोहोलच्या ५०० मिलिलिटर बिअरमध्ये साधारण २० ग्रॅम अल्कोहोल असतं आणि शरीराला ते निपटायला अडीच-तीन तास लागतात. कॉफीने किंवा लिंबूपाण्याने हा वेळ कमी होत नाही. मेन्यूवर बऱ्याचदा बिअरपुढे टक्केवारी लिहिलेली असते, ती वाचा. चार टक्क्यांची आणि आठ टक्क्यांची बिअर सारख्याच ग्लासात येते. टेस्टरचा एक ट्रे आणि आवडलेल्या बिअरचा एक पाइंट एवढ्यात संध्याकाळ पुरेपूर होते. औषधं चालू असतील, गरोदरपण असेल तर अजिबात नको.

बिल आलं की दोन मिनिटं नीट बघा. दारूवर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो. जीएसटी फक्त खाण्यावर आणि सॉफ्ट ड्रिंकवर. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे, नको असेल तर काढायला सांगा. कव्हर चार्ज वळता झालाय का तेही तपासा.

९. महिन्याभराने परत जा

तिथे बसूनच फोनमध्ये दोन ओळी लिहून ठेवा: बिअरचं नाव, बॅचची तारीख दिसली असेल तर ती, वास, चव. चार-सहा आठवड्यांनी साध्या दिवशी परत जा आणि तीच गव्हाची बिअर मागवा. तोपर्यंत दुसरी-तिसरी बॅच आलेली असते. लोण्याचा वास गेला असेल आणि लवंग पुढे आली असेल, तर ब्रूअरला बोलावून ते जरूर सांगा. तसाच असेल तर तेही सांगा, आणि या वेळी आयपीए घेऊन बघा.