विरोध होत असताना देवावरचे लक्ष ढळते ते कशामुळे? या चुका टाळा

घरात एकट्यानेच प्रभू येशूवर विश्वास ठेवला की विरोध होणार, हे बहुतेकांनी मनाशी धरलेले असते. तयारी नसते ती एका वेगळ्याच गोष्टीची. विरोध करणारी माणसे हळूहळू मनात इतकी जागा व्यापतात की सकाळच्या प्रार्थनेतही देवाआधी त्यांचेच चेहरे समोर येतात. मुंबईतल्या मराठी मंडळ्यांमध्ये म्हणजे चर्चमध्ये, विशेषतः नव्याने विश्वासात आलेल्या तरुणांमध्ये, पुढील चुका पुन्हा पुन्हा दिसतात आणि त्यांपैकी पहिली सर्वांत जास्त नुकसान करते.

मेसेज वाचल्याबरोबर उत्तर देणे

विरार लोकलमध्ये उभ्याने प्रवास चालू असताना घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काकांचा मेसेज येतो, 'धर्म बदलायचे किती पैसे मिळाले?' त्याखाली दोघा चुलत भावांचे अंगठे उमटतात. दादर ते बोरिवली एवढ्या वेळात उत्तर लिहिले जाते, खोडले जाते, पुन्हा लिहिले जाते, त्यात शास्त्रवचनही घातले जाते, आणि घर येईपर्यंत त्या वचनाचा दगड झालेला असतो. उत्तर कितीही मुद्देसूद असले तरी पुढचे दोन दिवस ते कोणी वाचले आणि कोण काय म्हणाले हे पाहण्यातच जातात.

अश्शूरचा राजा सन्हेरीब याचे धमकीचे पत्र यहूदाचा राजा हिज्कीया याच्या हाती आले तेव्हा त्याने ते वाचले, तो परमेश्वराच्या मंदिरात गेला आणि ते पत्र त्याने परमेश्वरापुढे पसरून ठेवले (२ राजे १९). त्याची प्रार्थना पत्रातल्या निंदेपासून सुरू होत नाही. पृथ्वीवरील सर्व राज्यांचा देव तू एकटाच आहेस, आकाश आणि पृथ्वी तू निर्माण केलीस, असे तो आधी म्हणतो. सन्हेरीबाचे नाव त्यानंतर येते. हा क्रम पाळणे हाच माझ्या मते या चुकीवरचा खरा उपाय आहे. मेसेज उघडा ठेवून फोन समोर ठेवावा, देव कोण आहे हे आधी मोठ्याने म्हणावे, मग काकांचे नाव घ्यावे आणि उत्तर दुसऱ्या दिवसावर टाकावे. दुसऱ्या दिवशी ते बहुधा ग्रुपवर लिहावेसे वाटतच नाही. "काका, रविवारी दुपारी घरी येतो, बसून बोलू," एवढा फोन पुरतो. पुतण्या आता आपला राहणार नाही, सणावाराला येणार नाही, ही अनेक काकांच्या मनातली खरी भीती असते. ग्रुपवरचा वाद ती भीती वाढवतो. येणे-जाणे चालू राहिले तर ती कमी होते.

प्रत्येक तक्रारीला छळ समजणे

चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत घरगुती प्रार्थनासभा भरलेली असते. ढोलकी, टाळ आणि हल्ली एक छोटा स्पीकरही असतो. साडेदहा वाजून जातात. भिंतीपलीकडे दहावीचा मुलगा पुस्तक घेऊन बसलेला असतो आणि त्याची आई येऊन दार वाजवते. पुढच्या रविवारी हाच प्रसंग 'सुवार्तेला विरोध' म्हणून साक्षीत, म्हणजे सर्वांपुढे स्वतःचा विश्वासाचा अनुभव सांगताना, सांगितला जातो, हे मला फार खटकते. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम सर्वांसाठीच आहे. ख्रिस्तासाठी सोसणे वेगळे आणि स्वतःच्या वागण्याची फळे भोगणे वेगळे, असे प्रेषित पेत्राने बजावले आहे (१ पेत्र ४:१५-१६). अशा वेळी त्या ताईंची क्षमा मागावी आणि सभा नऊला संपवावी.

दुसऱ्यांच्या देवदेवतांविषयी टाकून बोलणेही याच चुकीत मोडते. इफिस शहरात प्रेषित पौलाच्या शिकवणीवरून मोठी दंगल उसळली, तरी या माणसांनी आमच्या देवीची निंदा केलेली नाही, अशी ग्वाही तिथल्या शहराच्या चिटणिसानेच दिली (प्रेषितांची कृत्ये १९:३७). तुमच्या इमारतीतला एखादा शेजारी तुमच्याविषयी असे म्हणू शकेल का, हे प्रामाणिकपणे तपासून पाहावे.

संपूर्ण प्रार्थना विरोधकांवरच खर्च करणे

प्रेषितांना धमकावून सोडून दिल्यावर मंडळीने जी प्रार्थना केली, तिच्यात धमक्यांचा उल्लेख जेमतेम एका वाक्यात येतो आणि मागणे आहे ते धैर्याने वचन सांगता यावे याचे (कृत्ये ४). आपल्या प्रार्थनेत हे प्रमाण उलटे झाले असेल तर काही दिवस एखादे स्तोत्र वाचूनच प्रार्थनेला सुरुवात करावी.

घाई करणे आणि एकटे पडणे

घरच्यांनी वर्षभरात समजून घ्यावे, ही अपेक्षा माणसाला आतून पोखरते. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी याच मुंबईत झाला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले आणि पुढे काही वर्षे पतिपत्नी वेगळे राहिले. लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या त्या पुढे, स्वतःच्या मनाची खात्री पटल्यावर. ती वर्षे टिळकांनी ख्रिस्ताची सेवा करत काढली. अशा काळात दर रविवारची उपासना चुकवू नये, कारण एकट्या माणसाला विरोध आहे त्याहून मोठा दिसतो. झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवाने आधी झोप आणि भाकर दिली, आणि पुढे तुझ्यासारखे आणखी सात हजार आहेत हेही सांगितले. जेवणाखाण्याची आणि झोपेची हेळसांड करून केलेले उपास या दिवसांत टाळावेत, असे मला वाटते.

कायद्याची मदत घेणे म्हणजे अविश्वास, असे मानणे

टोमणे, अबोला, पंक्तीत वेगळे बसवणे हे सोसावे. मारहाण, कोंडून ठेवणे, जिवे मारण्याची धमकी हे मुकाट्याने सोसण्याचा आग्रह शास्त्र धरत नाही. पौलाने फटक्यांच्या आधी आपले रोमी नागरिकत्व पुढे केले आणि नंतर कैसराकडे दाद मागितली. यरुशलेमेचा तट बांधताना विरोध झाला तेव्हा नहेम्याने प्रार्थनाही केली आणि पहाराही बसवला. संविधानाचे अनुच्छेद २५ सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून प्रत्येकाला सदसद्विवेकबुद्धीचे आणि धर्माचरणाचे स्वातंत्र्य देते. पाळकांना किंवा मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच मागून घ्यावी. धमकीचे मेसेज पुसू नयेत. त्यांचे स्क्रीनशॉट आणि तारखांची नोंद पाळकांकडे ठेवायला द्यावी, म्हणजे रोज रात्री ते उघडून वाचण्याचा मोह राहत नाही.