पल्प, सरबत, काजू बाहेर पाठवणाऱ्यांनो, ब्रँडचं नाव तिथे आधी स्वतःच्या नावावर करून घ्या

आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातून आता बरीच मंडळी आखातात पल्प, कोकम सरबत, काजू पाठवतायत, खूप चांगलं चाललंय, पण लेबलवरच्या नावाचं काय ते कोणी विचारतच नाही. इथला ट्रेडमार्क फक्त भारतापुरता असतो, बाहेर त्याला संरक्षण नाही. आणि बऱ्याच देशांत जो आधी अर्ज करेल त्याचं नाव असा हिशोब असतो, म्हणजे तुमचाच इंपोर्टर उद्या तुमचं नाव त्याच्या नावावर करून बसला तर माल त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाला विकणं मुश्किल. म्हणून सँपल पाठवायच्या आधी अर्ज, आणि अर्ज तुमच्याच नावावर, डीलर कितीही म्हणाला की मी करून देतो तरी नाही.

सुरुवात नावापासून. नुसतं हापूस, देवगड, रत्नागिरी असलं नाव कोणा एकाचं होत नाही. हापूसला २०१८ साली जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचं भौगोलिक मानांकन, मिळालाय, तो सगळ्या बागायतदारांचा, त्यात अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करायची ती वेगळी आणि ती पण कराच. ब्रँडसाठी वाडीचं, आजीचं, मनाने बनवलेलं कुठलंही वेगळं नाव घ्या आणि वायपो, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची बौद्धिक संपदा संघटना, तिच्या ग्लोबल ब्रँड डेटाबेसवर फुकट शोधून बघा की त्या देशात आधीच कोणाचं आहे का.

मग भारतात अर्ज. एकटा माणूस किंवा छोटा उद्योग असेल तर ऑनलाइन फी एका क्लासला, म्हणजे मालाच्या एका ठरलेल्या गटाला, ४५०० रुपये. क्लास नीट बघा हां, इथे खूप गडबड होते: ताजा आंबा ३१ मध्ये, पल्प आणि भाजलेले काजू २९ मध्ये, मसाले ३० मध्ये, कोकम सरबत ३२ मध्ये. भारतातल्या अर्जात जे लिहिलं नाही ते बाहेरच्या अर्जात वाढवता येत नाही, त्यामुळे पुढच्या दोन-तीन वर्षांत जे काढायचा विचार आहे ते पण आत्ताच घाला.

आता बाहेरचं. भारत ८ जुलै २०१३ पासून माद्रिद प्रोटोकॉल या ट्रेडमार्कच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, म्हणजे एकच अर्ज, फॉर्म एमएम२, आपल्याच ट्रेडमार्क रजिस्ट्रीतून ऑनलाइन, तिथून तो जिनिव्हाला वायपोकडे जातो आणि त्यात पाहिजे ते देश टिक करायचे. यूएई २०२१ च्या डिसेंबरपासून यात आलं, ओमान, बहरीन आहेतच. ब्रिटन आणि युरोपियन युनियन आता वेगवेगळे टिक करावे लागतात. खर्च म्हणाल तर इथे ५००० रुपये हँडलिंग फी, वायपोची मूळ फी ६५३ स्विस फ्रँक, लोगो रंगीत असेल तर ९०३, आणि वर प्रत्येक देशाची वेगळी. वायपोच्या साइटवर फी कॅल्क्युलेटर आहे, आधी त्यात आकडा काढा मगच देश ठरवा, उगाच दहा देश घेऊ नका. जिथे माल खरंच जाणार तेच घ्या, कारण बऱ्याच ठिकाणी तीन किंवा पाच वर्षं वापर नसला तर कोणीही नोंदणी रद्द करायला लावू शकतो.

अर्जदाराचं नाव दोन्हीकडे अक्षरशः सेम पाहिजे, इथे प्रोप्रायटर आणि तिथे कंपनी असं चालत नाही. लोगो देवनागरीत असेल तर रोमन लिपीत उच्चार द्यावा लागतो. आखातासाठी माझं मत असं की अरबी लिपीतलं नाव पण वेगळं नोंदवा, तिथली गिऱ्हाइकं तेच वाचतात.

इथला अर्ज टाकल्यापासून ६ महिन्यांच्या आत बाहेरचा टाकलात तर बाहेर पण इथलीच तारीख धरली जाते, हा फायदा मोठा आहे. पण पहिली ५ वर्षं बाहेरची नोंदणी इथल्यावर टेकलेली असते, इथला अर्ज पडला तर ती पण पडते, मग ३ महिन्यांत त्या त्या देशात थेट अर्ज करून जुनी तारीख वाचवता येते, पण खर्च परत. म्हणून इथलं नाव मजबूत घ्या म्हणतोय.

प्रत्येक देश १२ नाहीतर १८ महिन्यांत हरकत काढू शकतो, हरकतीला उत्तर बहुतेक ठिकाणी तिथल्याच एजंटमार्फत द्यावं लागतं, त्याचे पैसे बाजूला ठेवा. आणि नोंदणी झाली की सरकारी दिसणारी बिलं ईमेलने, पोस्टाने येतात, अमुक रजिस्टरमध्ये नाव घालतो पैसे भरा म्हणून, वायपोने स्वतः त्याबद्दल सावध केलंय. एजंटला विचारल्याशिवाय एक रुपया भरू नका. नूतनीकरण १० वर्षांनी, तारीख आत्ताच लिहून ठेवा.