मोटरहोमने युरोप फिरायचंय? आधी या चुका टाळा

फेब्रुवारी उजाडला की आमच्या घरी फोन सुरू होतात. कुणी मावसभाऊ, कुणी नवऱ्याच्या कॉलेजातला मित्र, कुणी नाशिकच्या शेजारच्या काकूंचा जावई. "तुम्ही श्टुटगार्टला असता ना? आम्ही यंदा मोटरहोम घेऊन फिरायचं म्हणतोय. पंधरा दिवस, सात देश. रूट पाठवलाय, जरा नजर टाका."

टाकते नजर. रूट नेहमी देखणा असतो. नकाशावर रंगीत रेघ, प्रत्येक मुक्कामाला छोटं चित्र. गाडीचं वजन किती, उंची किती, व्हिसावर कितींदा आत येता येतं, भाड्याची गाडी कुठल्या देशात न्यायला परवानगी आहे, यातलं काही म्हणजे काही त्यात नसतं. लोकांच्या डोक्यात मोटरहोम म्हणजे चाकांवरचं हॉटेल. माझ्या मते तो टेम्पो आहे, आणि त्यात तुम्ही पाण्याची टाकी, गॅस, संडास आणि सासरची माणसं भरून परक्या रस्त्यांवरून निघालेला असता.

त्याच त्या चुका दरवर्षी समजावून सांगायचा कंटाळा आला, म्हणून एकदाच लिहून ठेवते. यातल्या दोन आमच्या स्वतःच्या आहेत.

व्हिसावरचा '०१'

माझे दीर आणि जाऊबाई नाशिकहून आले होते. चौघं मिळून मोटरहोमने ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया करत क्रोएशियात उतरलो. दुब्रोव्हनिक झालं. तिथून मॉन्टेनेग्रोमधलं कोटोर साधारण नव्वद किलोमीटर. भाऊजी म्हणाले, "वहिनी, एवढं जवळ आलोच आहोत तर एक दिवस जाऊन येऊ. तिथेही युरोच चालतो."

निघालो. ऑगस्टमधली सीमेवरची रांग, दीड तास उन्हात. खिडकीतल्या मुलीने चारही पासपोर्ट घेतले, आमचे दोन लगेच बाजूला ठेवले आणि दिरांच्या व्हिसाचं पान आमच्याकडे वळवून एका चौकोनावर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं '०१'. शांतपणे म्हणाली, "हे दोघं आता बाहेर पडले तर परत आत येऊ शकणार नाहीत. माहीत आहे ना?"

आमच्याकडे जर्मनीचा राहण्याचा परवाना, त्यामुळे आम्ही दोघं संध्याकाळी परत येऊ शकलो असतो. दीर-जाऊ कोटोरला अडकले असते, आणि त्यांचं परतीचं विमान होतं श्टुटगार्टहून. जाऊबाई एकदम गप्प. भाऊजी मात्र अजून म्हणत होते, "पण एजंट म्हणाला होता, युरोपात कुठेही फिरा!"

एजंट म्हणतातच. युरोप हा खंड आहे, युरोपीय संघ ही वेगळी गोष्ट, युरो चलन तिसरी आणि शेंगेन, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या देशांचा गट, चौथी. या चौघांच्या सीमा एकमेकांशी जुळत नाहीत. मॉन्टेनेग्रोत युरो चालतो, पण तो देश संघातही नाही आणि शेंगेनमध्येही नाही. स्वित्झर्लंडचं उलटं: संघात नाही, पैसा फ्रँक, पण शेंगेनमध्ये आहे. क्रोएशिया २०२३च्या १ जानेवारीपासून शेंगेनमध्ये आला, त्याच दिवशी तिथे युरोही आला. म्हणजे २०२१चा कुणाचा तरी प्रवासवृत्तान्त वाचून आखलेला रूट आज चुकू शकतो. दुब्रोव्हनिकच्या वाटेवर नेउमजवळ बोस्नियाची चिंचोळी किनारपट्टी मध्ये येते. २०२२मध्ये पेल्येशात्सचा पूल सुरू झाल्यापासून ती टाळता येते, पण जुना रूट बघून निघालात तर नेउमवरून जाल आणि एका प्रवेशाच्या व्हिसाचा तिथेच निकाल लागेल.

आता ती सात मीटरची गाडी रांगेतून मागे कशी वळवली, ते नवऱ्याला विचारा. तो अजून त्या विषयावर बोलत नाही. शेवटी पोलिसांनी बाजूचं बॅरिकेड काढलं आणि पन्नास गाड्यांच्या नजरा झेलत आम्ही दुब्रोव्हनिकजवळच्या त्साव्हतातला येऊन बसलो. रात्री शहाणपण सुचून मी भाड्याचं करारपत्र उघडलं. परवानगी असलेल्या देशांच्या यादीत मॉन्टेनेग्रो नव्हतंच. म्हणजे पोहोचलो असतो तरी गाडीला विमा नसता. त्या मुलीने आम्हाला एकदा नाही, दोनदा वाचवलं होतं.

तेव्हापासून माझी सवय: कुणीही विचारलं की आधी व्हिसाच्या पानाचा फोटो मागवते. प्रवेशांच्या चौकोनात '०१' आहे, '०२' आहे की 'मल्ट', म्हणजे कितीही वेळा. त्याच्या शेजारचा दिवसांचा आकडा. व्हिसाची मुदत महिन्याभराची दिसते, पण आत राहण्याचे दिवस पंधराच असू शकतात. अर्जात किती प्रवेश हवेत ते विचारतात, तिथे एकावर खूण करून मोकळं होऊ नका. अर्ज कुठल्या देशाकडे? जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार त्याच्याकडे, दिवस सारखेच असतील तर जिथून आधी आत शिरणार त्याच्याकडे. "मोटरहोम आहे, मग राहण्याचा पुरावा कशाला?" हे मला सांगून उपयोग नाही. कॅम्पसाइटची बुकिंगं जोडा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. जाण्याच्या तीन आठवडे आधी ज्यांना जाग येते त्यांचे फोन मी हल्ली उचलत नाही.

पाणी भरलं, पीठ भरलं, आई-बाबा उतरवले

ही आमची सर्वांत पहिली ट्रिप. आम्ही दोघं, दोन मुलं, माझे आई-बाबा. सहा जणांची गाडी, सहाच माणसं, सगळं कसं बरोब्बर. साल्झबुर्गच्या थोडं पुढे महामार्गावर पोलिसांनी हात केला आणि गाडी काट्यावर घ्यायला लावली. आकडा आला ३६९०.

मर्यादा ३५०० किलो. गाडीच्या कागदावर रिकामं वजन होतं २९८०, आणि त्यात चालक धरलेला. म्हणजे बाकी सगळ्यासाठी हातात ५२० किलो. आम्हाला ते डोंगराएवढं वाटलं होतं. हिशोब मग रस्त्याच्या कडेला उभं राहून केला. चालक सोडून पाच माणसं २६०. पाण्याची टाकी काठोकाठ भरलेली, म्हणजे कागदात धरलेल्यापेक्षा १०० जास्त. सायकली आणि त्यांचं स्टँड ९०. बॅगा १००. आईने आणलेलं आणि मी घेतलेलं वाणसामान ७०, त्यात दहा किलो कणीक, कारण 'तिकडे मिळेल न मिळेल'. चांदणी (गाडीच्या बाजूला उघडायचं कापडी छप्पर), टेबल, खुर्च्या, जादा बॅटरी मिळून ९०. झाले ७१०.

दंड भरला. पण दंड भरून गाडी सोडत नाहीत, वजन उतरवल्याशिवाय पुढे जायचं नाही. टाकीतलं पाणी सोडलं, १०० किलो गेले. तरी ३५९०. पोलीस सौम्यपणे म्हणाला की माणसांचंही वजन असतं. बाबांनी काय ते ओळखलं. चप्पल घातली, आईला म्हणाले, "चल ग, आपण आगगाडीने जाऊ." टॅक्सीने दोघं जवळच्या स्टेशनवर, तिथून रेल्वेने फिलाखला. काट्यावर ३४६०. संध्याकाळी फिलाखच्या फलाटावर आई मला म्हणाली, "कणीक तेवढी गाडीत राहिली."

आपल्याकडे एलएमव्हीच्या लायसन्सवर ७५०० किलोपर्यंतची गाडी चालवता येते, त्यामुळे लोकांना वाटतं की जादा क्षमतेचीच गाडी घेऊ. तसं नाही. युरोपात साध्या, म्हणजे बी वर्गाच्या लायसन्सची हद्द ३५०० किलोला संपते. शिवाय वरच्या गाडीला टोलचे नियमही बदलतात. ऑस्ट्रियात ३५००पर्यंत डिजिटल व्हिन्येट, म्हणजे ठरावीक मुदतीचा टोलपास, चालतं, त्यावर गेलात की गाडीत वेगळी पेटी बसवावी लागते.

माझी पद्धत अशी. सामान भरलं, माणसं बसवली की सरळ वजनकाट्यावर जायचं. जर्मनीत धान्याच्या गोदामाच्या किंवा भंगाराच्या यार्डात थोड्या युरोंत वजन करून मिळतं. पाणी रस्त्यावर असताना वीस-तीस लिटरच, टाकी मुक्कामाला पोचल्यावर भरायची. वाणसामान रोज घ्यायचं. कणीक मिळते, आणि 'काही नाही होत हो' असं म्हणणाऱ्यांनी एकदा हायवेच्या कडेला आई-बाबांना टॅक्सीत बसवून बघावं.

बाकीच्या, थोडक्यात

पंधरा दिवसांत सात देश. नको. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेचा हिशोब इथे लावू नका. मी दिवसाला दोनशे-अडीचशे किलोमीटरच्या वर जात नाही, दर तिसऱ्या दिवशी चाक हलवत नाही आणि चारच्या आत मुक्कामाला पोचते. पहिल्या दिवशी तर पन्नास किलोमीटर पुष्कळ झाले. गाडी ताब्यात घेतानाच दोन तास जातात, आणि त्या दोन तासांत फोनवर घरच्यांना व्हिडिओ दाखवत बसलेला माणूसच रात्री मला विचारतो की हीटर कसा लावायचा. कंपनीचा माणूस गाडी समजावत असताना त्याचं रेकॉर्डिंग करा, स्वतःचं नंतर.

इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट भारतातून निघण्याआधीच आरटीओतून काढायचं. मूळ लायसन्सही बरोबर लागतं. फोनमधला फोटो म्हणजे लायसन्स नव्हे.

गाडीची उंची. बहुतेक गाड्या तीन मीटरच्या आसपास असतात आणि सुपरमार्केटच्या पार्किंगवरचा दांडा दोन मीटरवर. फोनमधल्या नकाशाला तुमची उंची माहीत नसते. मी चिकटपट्टीवर आकडा लिहून स्टिअरिंगसमोर लावते.

व्हिन्येट घेतलं म्हणजे सगळे टोल भरले असं नाही. ऑस्ट्रियातले टाउर्न आणि काराव्हांकेन बोगदे वेगळे पैसे घेतात. स्वित्झर्लंडचं वर्षाचंच मिळतं, ४० फ्रँक, दोन दिवसांसाठी जा नाहीतर दोनशे.

इटलीतल्या जुन्या शहरांत 'झेडटीएल'ची, म्हणजे ठरावीक गाड्यांनाच प्रवेश असलेल्या भागाची, पाटी दिसली की आत शिरायचं नाही. कॅमेरे असतात, दंड काही महिन्यांनी घरी येतो, आणि भाड्याची कंपनी त्यावर आपले हाताळणीचे पैसे लावते.

इटलीतच पंपावर 'गासोलिओ' लिहिलेलं असतं. ते डिझेल. नाव ऐकून पेट्रोल समजून दुसरी नळी उचलणारे मला माहीत आहेत. युरोपीय संघात डिझेलच्या नळीवर चौकोनी खूण असते, पेट्रोलच्या गोल. तेवढं लक्षात ठेवा. तसंच पिण्याच्या पाण्याचं झाकण, डिझेलचं झाकण आणि अ‍ॅडब्लूचं (डिझेलचा धूर साफ करणाऱ्या द्रवाचं) निळं झाकण. पाइप हातात घेतल्यावर अंदाज बांधू नका.

घाट. ऑस्ट्रियातल्या ग्रोसग्लोकनरचा रस्ता अठ्ठेचाळीस किलोमीटर, छत्तीस वळणं. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसलेल्यांच्या चाकांचा वास खालपर्यंत येतो. ज्या गियरमध्ये चढलात त्याच गियरमध्ये उतरा, हे आपल्या एसटीच्या कुठल्याही ड्रायव्हरला विचारलं तर तो सांगेल. आणि गाडीचा मागचा भाग चाकांच्या बराच मागे आलेला असतो, वळताना तो बाहेर झुलतो.

वीज. जुन्या कॅम्पसाइटवर सहा अँपिअर मिळतात, म्हणजे जेमतेम १३८० वॉट. नाशिकहून आणलेली दोन हजार वॉटची इंडक्शन शेगडी त्यावर लावली की खटका पडतो, पेटीला कुलूप असतं आणि किल्लीवाला सकाळी आठला येतो. अर्धकच्चा भात खाऊन झोपलेल्यांची नावं घेत नाही.

तूप, पेढे, खवा भारतातून आणू नका. दूध आणि मांस यांचे पदार्थ संघाबाहेरून आणायला बंदी आहे. कढीपत्त्यालाही रोग-कीड नसल्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं.

कुठेही थांबू, निसर्गात राहू. क्रोएशियात याला दंड होतो. इटलीत पार्किंगमध्ये गाडी नुसती चाकांवर उभी असेल तर चालतं. चांदणी उघडली, खुर्च्या मांडल्या की तुम्ही 'कॅम्पिंग' करत असता. दुपारी एक ते तीन जर्मनी-ऑस्ट्रियात बऱ्याच कॅम्पसाइटचं कार्यालय बंद असतं, रविवारी दुकानंही. दोन्ही धरून चाला.

फोडणी. गाडीच्या आत घालायची असेल तर छताची खिडकी पूर्ण उघडी, पंखा चालू, पडदे बांधलेले. आम्ही बाहेरच घालतो. हिंगाचा वास गाद्यांत बसला की निघत नाही, आणि अनामत रकमेतून काय निघतं ते पावतीवर दिसतं.

आणि कॅसेट. म्हणजे संडासाची ती सतरा-अठरा लिटरची टाकी, जिच्याबद्दल कुणी रूटबरोबर एक अक्षर विचारत नाही. लाल दिवा लागेपर्यंत थांबू नका, एक दिवसाआड रिकामी करा. हातमोजे वापरा. तिथला नळ धुण्याचा असतो, त्यातून पिण्याचं पाणी भरू नका. कोण रिकामी करणार हे निघण्याआधी ठरवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी भांडण ठरलेलं. आमच्याकडे चिठ्ठ्या टाकतात. माझी चिठ्ठी आजवर एकदाही निघालेली नाही. चिठ्ठ्या मीच लिहिते.