टिक टिक होतंय पण शेगडी पेटत नाही? आधी हे बघा

ऑटो इग्निशनची शेगडी नुसतीच टिक टिक करत असेल तर लगेच मेकॅनिकला फोन लावू नका. रेग्युलेटर बंद करा, खिडकी उघडा, आणि अंधार पडल्यावर नॉब दाबून ठिणगी नेमकी कुठे पडतेय ते बघा. ती बर्नरशेजारच्या पिनच्या (ठिणगी पाडणाऱ्या छोट्या काडीच्या) टोकावरून बर्नरवर उडी मारायला हवी. पिनच्या पांढऱ्या सिरॅमिकला बारीक चीर गेली असेल तर ठिणगी मधूनच बॉडीला पळते, मग कितीही पुसा, पिन बदलावीच लागते. आमच्याकडे तर दूध उतू गेलं आणि पिनवर साय करपून बसली होती, जुन्या टूथब्रशने घासली, कोरड्या फडक्याने पुसली, अर्धा तास वाळू दिली आणि काम झालं. सेलवाली शेगडी असेल आणि टिक टिक मंद पडली असेल तर सेल बदला, बाकी काही नाही.

ठिणगी चांगली पडतेय तरी पेटत नाही, मग दोष गॅस-हवेच्या प्रमाणात. एलपीजी हवेत साधारण २ ते ९ टक्के असला तरच पेटतो. बर्नरची भोकं सुईने मोकळी करा, झाकण तिरकं बसलंय का बघा (निम्म्या वेळा तेच असतं).

आणि तीन-चार सेकंदांत पेटली नाही तर नॉब बंद करून पाच मिनिटं थांबा, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, खाली जमिनीलगत साचून राहतो. वास येत असेल तर लाईटचं बटणसुद्धा दाबू नका.